पायलट लोकांचा शनिवारचा कट्टा: स्वतःच्या चुका बोलायला लावायच्या कशा?

सडेकर
नमस्कार मंडळी. घर रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, म्हणून हे नाव. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी शिकतोय. २०० तास लागतात, माझे १३१ झालेत. पावसाने स्कूलचं उड्डाण रडतखडत चाललंय, म्हणून महिनाभर घरी आलोय.

इथे आल्यावर कळलं की पंचक्रोशीत आम्ही सहा जण आहोत. एक ताई एटीआरवर (छोटं प्रवासी विमान) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहेत, सध्या सुट्टीवर. एक काका नौदलात हेलिकॉप्टर उडवून निवृत्त झालेत, आता कलमं बघतात. एक दादा जुहूहून बॉम्बे हायच्या तेलाच्या फलाटांवर जा-ये करतात. उरलेले आम्ही तिघे शिकाऊ. दर शनिवारी संध्याकाळी बसायचं, एक प्रसंग समोर ठेवायचा, 'तू असतास तर काय केलं असतंस?' असं एकेकाला विचारायचं, असा बेत आहे.

एकदा बसलो. चहा झाला, भजी झाली, दोन तास गप्पा झाल्या. पण सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या: इंजिन खोकलं आणि मी वाचवलं, आडवा वारा होता आणि मी उतरवलं. चूक कोणीच सांगितली नाही. मीही नाही, आणि माझ्याकडे आहे एक. असा कट्टा कोणी चालवलाय का? लोक बोलते कसे होतात?

भजीप्रेमी
पहिला! भजी कसली होती?

काजूगर
विमानात फक्त खिडकीजवळ बसलोय, तेही दोनदा. पण विषय भारी आहे. भाजलेल्या बिया घेऊन बसलोय, चालू द्या.

शुद्धमराठी
'वैमानिक' असा सुंदर शब्द असताना शीर्षकात 'पायलट' कशाला?

मतलई
@शुद्धमराठी, 'सहवैमानिक महोदय, चाके खाली घ्यावीत' म्हणेपर्यंत धावपट्टी संपते हो. :)

सडेकर, मी एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे, माहेर गुहागर. कल्पना चांगली आहे आणि अडचणही खरी आहे. आमच्याकडे या अडचणीपायी माणसं गेलीत. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ मेले. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने विचारलंही, पण कॅप्टन ज्येष्ठ आणि नावाजलेला. शंका तिथेच विरली. त्यानंतर दोनच वर्षांनी नासाने कार्यशाळा घेतली आणि आज ज्याला आम्ही क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतो ते रुजू लागलं. म्हणजे काय, तर कॉकपिटमध्ये कोणी कोणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत टोकायचं याचं रीतसर शिक्षण.

एवढ्या लांबही जायला नको. २२ मे २०१०, मंगळूर. फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं तीनदा सुचवल्याचं चौकशीत निघालं. तीनदा! विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं, १५८ गेले. त्या मुलाला विमान उडवता येत नव्हतं असं नाही. त्याला दिसत होतं, तो बोललाही. पुढचं पाऊल, म्हणजे स्वतः थ्रॉटल पुढे करून विमान वर नेणं, ते झालं नाही.

तेव्हा तुमच्या कट्ट्यावर कोणी बोलत नाही याला साधी लाज समजू नका. तीच सवय पुढे कॉकपिटमध्ये येते.

घाटमाथा
विरोधी मत मांडतो. अकरा वर्षं इन्स्ट्रक्टर होतो. चहा पिऊन उडता येत नाही. पाण्यात पडल्याशिवाय कोणी पोहायला शिकलंय? त्या दोन तासांत पुस्तक उघडा, हवामान वाचा, पैसे जमवून सिम्युलेटरचे तास घ्या. आणि शिकाऊ पोरांनी चारचौघांत चुका सांगू नयेत असंच मी सांगेन. चूक इन्स्ट्रक्टरला सांगायची. तो काय ते बघेल.

सडेकर
सर, इन्स्ट्रक्टरला सांगितली तर फाइलवर शेरा बसतो ना.

घाटमाथा
बसायलाच हवा.

काजूगर
बिया संपल्या, अजून आणतो.

झील_मालवणचो
माका एक कळला नाय. तुमी शिकतास सगळे, पण चिपीच्या इमानतळार इमान खय असा? ९ ऑक्टोबर २०२१ क उद्घाटनाक आमी सगळे गेललो. इमान बघूक गेललो, आता रनवे बघूक जातंव.

भजीप्रेमी
झील, हा धागा भरकटवू नको. चिपीसाठी वेगळा धागा आहे, त्यावर साडेचारशे प्रतिसाद आहेत आणि त्यातले दोनशे तुझे.

लाल_माती
आम्हीही पायलटच, पण लोको. कोकण रेल्वेच्या मार्गावर गाडी चालवतो. उगाच तोंड घालतोय, पण आमच्याकडची एक गोष्ट उपयोगी पडेल.

आम्ही सिग्नल 'पुकारतो'. लोको पायलट मोठ्याने म्हणतो 'होम हिरवा' (होम म्हणजे स्टेशनाआधीचा सिग्नल), हात दाखवतो, सहायक तेच पुन्हा मोठ्याने म्हणतो. नवीन आलेल्याला हसू येतं. रात्री अडीचला, बोगद्यामागून बोगदे, बाहेर मुसळधार, दोघंच केबिनमध्ये आणि बोंबलतायत. पण डोळ्याने पाहिलेलं तोंडाने बोललं की झोप उडते, आणि दुसऱ्याला ते चुकलंय असं वाटलं तर त्याला टोकायला जागा मिळते. टोकणं हा अपमान राहत नाही, ती कामाची पद्धत होते.

२००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर गाडी गेली, पन्नासच्या वर माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात वेग कमी, वेळापत्रक वेगळं, गस्तीची माणसं जागोजाग. गस्तवाला हा आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा साहेब. त्याने लाल दिवा दाखवला की विचारायचं नाही, थांबायचं. नंतर कळलं की नुसती फांदी पडली होती, तरी त्याला कोणी बोलत नाही. एकदा बोललात की पुढच्या वेळी तो दोनदा विचार करेल.

मतलई
@लाल_माती, शेवटचं वाक्य मी आमच्या ट्रेनिंग रूममध्ये लावणार आहे, परवानगी असावी.

आमच्याकडे त्याचंच भावंड म्हणजे गो-अराउंड. १००० फुटांवर, बाहेर स्वच्छ दिसत असेल तर ५०० फुटांवर, विमान 'स्थिर' हवं: वेग बरोबर, उतरण्याचा दर बरोबर, चाकं-फ्लॅप जागेवर, चेकलिस्ट झालेली. नसेल तर वर जायचं, पुन्हा यायचं. वर गेलेल्याला कारण विचारून छळायचं नाही. पण प्रवासी टाळ्या वाजवतात त्या उतरल्यावर. गो-अराउंडला कोणी वाजवत नाही, उलट ट्विटरवर 'थोडक्यात बचावलो' येतं.

तांडेलाचा_पुतण्या
काका तांडेल आहेत, म्हणजे मच्छीमार बोटीचे कप्तान. मिरकरवाड्याला बोट. तुमच्या कट्ट्याची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, यांचं उलटं आहे.

बंदरात काय होतं बघा. कुठल्या बोटीचं जाळं खडकाला लागून फाटलं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या जेटीला त्या खडकाची जागा माहीत होते. वायरलेसवर लगेच येतं. पण सुरमई कुठे लागली हे सख्खा भाऊ भावाला सांगत नाही. तुम्ही सुरमई सांगताय आणि खडक लपवताय.

काजूगर
बाप रे. काकांना नमस्कार सांग.

चेतक_जुना
मी नौदलातला नाही, हवाई दलातला, पण हेलिकॉप्टरवालाच, म्हणून काकांचा भाऊबंद. तांडेल बरोबर बोलले. आमच्याकडे उड्डाणाइतकाच वेळ डीब्रीफला, म्हणजे उतरल्यावरच्या चर्चेला जायचा आणि त्या खोलीचे काही रिवाज होते. ते सांगतो, बघा जमतात का.

मत विचारायचं असेल तर सगळ्यात धाकट्यापासून सुरुवात. 'तू असतास तर काय केलं असतंस' हा प्रश्न आधी नौदलवाल्या काकांना विचारलात तर पुढचे पाच जण 'हो, मीही तेच' म्हणणार. संध्याकाळ वाया.

पण चूक सांगायची असेल तर क्रम उलटा. सगळ्यात ज्येष्ठ माणसाने आधी. आणि तीस वर्षांपूर्वीची, सगळ्यांना तोंडपाठ असलेली, हसत सांगायची चूक चालत नाही. जी सांगताना अजूनही घसा कोरडा पडतो अशी हवी. माझ्या पहिल्या फ्लाइट कमांडरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आदल्या आठवड्यात त्यांनी हवामानाचा इशारा वाचून सोडून दिला आणि शेवटी एका शेतात उतरून रात्र काढली. आम्ही पोरं अवाक. त्यानंतर माझं तोंड कधी बंद राहिलं नाही, बायको साक्षीदार आहे.

तिसरं, 'का केलंस?' विचारायचं नाही. 'तेव्हा तुला काय दिसत होतं?' विचारायचं. 'का' म्हटलं की माणूस वकील होतो.

कोर्टाची_पायरी
पेशाने वकील. शेवटच्या वाक्याचा निषेध. :)

गंभीरपणे: फोन. सहातल्या एकाने नुसतं 'आज कट्ट्यावर अमक्याने काय सांगितलं माहितीये का' असं ग्रुपवर टाकलं की पोराचं करिअर धोक्यात. बाहेरचं कोणी ऐकेल, स्कूलला कळेल. सहा जणांच्या कट्ट्याला कायद्याचं संरक्षण वगैरे काही नसतं हे धरून चाला.

मतलई
अगदी. अमेरिकेत यावर छान तोडगा आहे. १९७६ पासून तिथले पायलट आपल्या चुका नासाला कळवतात, शिक्षा करणाऱ्या खात्याला नाही. नासा नाव-गाव काढून टाकते आणि उरलेली गोष्ट सगळ्यांना वाचायला देते. चूक जाणूनबुजून नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर काही अटींवर दंडातून सूटही मिळते. आपल्याकडेही डीजीसीएची, म्हणजे नागरी उड्डाण खात्याची, स्वेच्छेने कळवायची व्यवस्था आहे. कट्ट्याची जागा वेगळी, पण तत्त्व उचला: गोष्ट खोलीबाहेर जाऊ दे, नाव जाऊ देऊ नका. आणि फोन एका टोपलीत.

भजीप्रेमी
आंब्याची रिकामी पेटी चालेल.

डॉ_जांभळी
आमच्याकडे मोठ्या हॉस्पिटलांत दगावलेल्या केसेसवर बैठक असते, तिथेही हेच दुखणं. ऑपरेशनआधीची चेकलिस्ट आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. तुमची चेकलिस्टही एका अपघातातूनच आली ना?

मतलई
हो डॉक्टर. १९३५, बोइंगचं मॉडेल २९९. उड्डाणाआधी सोडायची एक कळ सोडायची राहिली. उडवणारे कसलेले पायलट होते. तेव्हा कळलं की विमान आता एकट्या माणसाच्या आठवणीवर सोपवण्याजोगं राहिलेलं नाही.

मी_निवृत्त
अवांतर: मतलई म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा ना? सहावीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. पायलटला याचा खरंच उपयोग होतो की फक्त परीक्षेला?

मतलई
काका, आयडी त्यावरूनच. पूर्वी होड्या पहाटे मतलईवर बाहेर जायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या.

उपयोग तर रोजचा. सकाळी अकराच्या सुमारास वारा फिरतो, पश्चिमेकडून येऊ लागतो. पहाटे ज्या टोकाने उतरणं योग्य होतं त्याच टोकाने दुपारी उतरलात तर वारा पाठीशी. पाठीशी वारा म्हणजे जमिनीवरचा वेग जास्त, धावपट्टी जास्त लागणार, त्यात ती ओली. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघातात पाऊस होता, पाठीशी वारा होता, आणि विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं. २१ गेले.

सड्यावरच्या धावपट्टीचं आणखी एक आहे. समुद्रावरून आलेला वारा सडा ओलांडून पूर्वेच्या कडेवरून खाली कोसळतो. तुम्ही पूर्वेकडून वाऱ्याच्या तोंडावर उतरायला येता तेव्हा नेमका कडेपाशी विमानाखालचा आधार निघाल्यासारखा वाटतो. सडेकर, हा तुमच्या कट्ट्याचा प्रसंग क्रमांक एक होऊ शकतो.

घाटमाथा
याला दाद देतो. आणि दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ, तो क्रमांक दोन ठेवा. पोरांना वाटतं बर्फ म्हणजे काश्मीर. बाहेर तीस डिग्री, हवा कोकणासारखी घामट, सेसना १५२ या शिकाऊ विमानाची पॉवर कमी करून खाली येताय, आणि आरपीएम (इंजिनाचे फेरे) हळूहळू पडतोय. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एवढी गार पडते की बाष्पाचा बर्फ होतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) ओढल्यावर आधी इंजिन आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून कळ परत आत ढकलणारे पाहिलेत मी. ओढून धरायची.

पण बघा, हे मी शिकवलं. कट्ट्याने नाही.

चेतक_जुना
अहो सर, कट्ट्यावरच शिकवताय की आत्ता.

सडेकर
मंडळी, उशिरा परत येतोय. काल दुसरी बैठक झाली. फोन आंब्याच्या पेटीत (भजीप्रेमी, आभार). काकांना चेतक सरांचा प्रतिसाद आधीच वाचून दाखवला होता. ते काही बोलले नाहीत. पण बैठकीत स्वतःहून सुरुवात केली. काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, खोलीत राहू दे. एवढंच की पंधराएक मिनिटं कोणी कपाला हात लावला नाही, आणि शेवटी ते म्हणाले, "हे मी घरी पण सांगितलेलं नाही."

मग मी माझी सांगितली. ती इथेही लिहितो, माझीच आहे.

सोलो क्रॉस-कंट्री, म्हणजे एकट्याने लांबचं उड्डाण, परतीचा टप्पा. ढग खाली येत होते. वळून मागच्या धावपट्टीवर जाता आलं असतं. पण गेलो असतो तर रात्र तिथेच, फोनाफोनी, दुसऱ्या दिवशी ज्याचं विमान ठरलं होतं तो ओरडणार. ढगाच्या खाली खाली राहून पुढे गेलो. मग एकदम सगळं पांढरं. चाळीसेक सेकंद असतील. मला शपथेवर वाटत होतं की पंख सरळ आहेत. बाहेर आलो तेव्हा शेतं तिरकी दिसत होती आणि नाक खाली होतं. उतरलो, लॉगबुक भरलं, 'नॉर्मल' सांगितलं. सात महिने झाले.

ताईंनी 'का' विचारलं नाही. "आत गेल्यावर डोळे कुठे होते?" विचारलं. बाहेर होते. समोर यंत्रं होती आणि मी खिडकीतून पांढऱ्यात क्षितिज शोधत होतो. हे मला त्यांनी विचारेपर्यंत माहीतच नव्हतं.

मतलई
शाब्बास.

१९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला होता. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० पायलटना बाहेरचं दिसणार नाही अशी सोय करून उडवायला लावलं. विसांचाही ताबा सुटला. सरासरी १७८ सेकंदांत. विमान सावकाश कललं तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ते कळतच नाही. शपथेवर वाटतं ते याच्यामुळे. तुम्ही चाळीसाव्या सेकंदाला बाहेर आलात ते ढग लहान होता म्हणून.

तांडेलाचा_पुतण्या
काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, खडक सापडला.

झील_मालवणचो
मस्करी बाजूक. बरा केलंस रे सांगितलंस ता.

घाटमाथा
तीन दिवस लिहू की नको करत होतो.

इन्स्ट्रक्टर म्हणून माझ्या आठव्या वर्षी एक मुलगा असाच आला होता. सोलोवरून उतरून थेट माझ्या टेबलाशी, 'सर, मी ढगात गेलो होतो.' मी त्याला पंधरा दिवस जमिनीवर ठेवला आणि फाइलवर लाल शाईने लिहिलं. नियमाला धरून होतं. त्या बॅचमधल्या एकाही पोराने नंतर मला काही सांगितलं नाही. मला वाटायचं, बॅच चांगली निघाली.

सडेकर, तुमचा शनिवार कुठे असतो? आंबा घाट उतरून यायला मला अडीच-तीन तास. दरड नसेल तर येतो. धाकट्यांची मतं आधी घ्या, पण चुका सांगायच्या वेळी मला पहिला नंबर द्या.

सडेकर
या सर. काका म्हणतायत मुक्काम त्यांच्याकडेच. पाऊस फार असेल तर घाटातून परत फिरा, कारण कोणी विचारणार नाही.

भजीप्रेमी, त्या दिवशी मायाळूची होती.